सात काजांचा सिनेमा

कीरा फ्रोसोने माझं जितकं नुकसान केलंय तितकं पावसानेसुद्धा केलेलं नाही. आणि माझं थिएटर उघड्यावर आहे, हे ध्यानात घ्या.

‘कलिप्सो’ला छप्पर नाही. जून ते सप्टेंबर चालतं. पायाखाली खडी, खडीवर कापडी खुर्च्या, समोर चुना मारलेली भिंत, तोच पडदा. मागच्या अंगाला माझी बायको लुकिया कँटीन सांभाळते. डाव्या बाजूला पाच मजली इमारत आहे आणि तिच्या झाडून सगळ्या बाल्कन्या माझ्या पडद्याकडे तोंड करून आहेत. रात्री नऊ वाजले की लोक बाल्कनीत खुर्च्या ओढतात, कलिंगड कापतात आणि फुकटात सिनेमा बघतात. मी काही म्हणत नाही. आवाज होतो अशी तक्रार करायला ते पोलिसांना फोन करत नाहीत आणि त्यांना दिसू नये म्हणून मी आडोसा उभारत नाही. हा करार कुठल्या कागदावर नाही. माझ्या आधीच्या मालकानेही पाळला, मीही तीस वर्षं पाळला. आमच्या ह्या बंदराच्या गावात, व्होलोसमध्ये, कागदावरचे करार लोक येताजाता मोडतात, पण हे असले सहसा कोणी मोडत नाही. मी मोडला, ते पुढे येईलच.

तिसऱ्या मजल्यावर कीरा फ्रोसो राहते. वयाने मोठ्या बाईला आम्ही मानाने ‘कीरा’ म्हणतो. हिच्या बाबतीत मान कमी आणि धाक जास्त. आता एकोणऐंशी वर्षांची आहे. अठराव्या वर्षी डोंगरातल्या गावातून खाली आली आणि शर्टांच्या कारखान्यात लागली. तिथे कॉलर एकीने करायची, बाही दुसरीने, खिसा तिसरीने. हिच्या वाट्याला काजं आली. चाळीस वर्षं नुसती काजं. “शर्ट बघून लोक बटणांचं कौतुक करतात,” ती म्हणते, “भोकं मी केली, माझं नाव कोणी काढत नाही.” निवृत्त झाल्यावरही बाजारातला एक शिंपी तिच्याकडे कोट पाठवतो, हाताने काजं करायला. ती कामं ती रात्री बाल्कनीत बसून, छोट्या दिव्याखाली, माझा सिनेमा बघत करते.

नवरा थानासिस सिमेंटच्या कारखान्यात होता. तो असेपर्यंत दोघं मिळून बघायचे. सिनेमा चांगला असला की थानासिस दहा मिनिटांत घोरायला लागायचा, वाईट असला की भांडायला जागा राहायचा. तो गेला, आणि भांडायचं काम हिने अंगावर घेतलं.

आता तिची मोजणी कशी, ते ऐका. सिनेमा रटाळ असला की तिचे हात चालतात. जितका रटाळ तितकी काजं जास्त. सिनेमा चांगला असला की सुई हातातच राहते. सकाळी सात वाजता झिसिसच्या बेकरीत पावाची रांग लागते, आणि निकाल तिथे लागतो.

“काय कीरा फ्रोसो, कालचा कसा होता?” झिसिस विचारतो.

“चार.”

संपलं. मयताची घंटा वाजली म्हणून समजा. त्या सिनेमाला मग गल्लीतलं कुत्रं येत नाही. मांजरं येतात, पण ती कँटीनच्या मांसाच्या वासाने येतात.

आणि नुसता आकडा सांगून गप्प बसेल तर ती कीरा फ्रोसो कसली! पाव पिशवीत पडेपर्यंत पंचनामा चालतो. “पहिली दहा मिनिटं बाप्या समुद्राकडे बघत उभा. अरे, माझा थानासिसही बघायचा समुद्राकडे, पण पाच मिनिटांनी विचारायचा, जेवायला काय आहे. ह्याला भूकच नाही! ज्याला भूक नाही त्याची गोष्ट मी कशाला बघू?” किंवा, “दारातून आत आला तेव्हा कोटाला चार बटणं, खुर्चीत बसला तेव्हा तीन. एक काय गिळलं त्याने? ज्यांना बटणं मोजता येत नाहीत ते माणसाच्या मनातलं दाखवणार, कपाळ!” नट्यांवर तिचा विशेष राग. “रडते तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं, नाकातून नाही. नाक न वाहता रडणारी बाई खोटारडी, लिहून ठेव.”

एकदा मी मुद्दाम रांगेत उभा राहून सांगितलं, “कीरा, ह्या सिनेमाला बाहेरदेशी मोठं बक्षीस मिळालंय.”

“मिळणारच. बघता बघता झोपले असतील. जाग आल्यावर लाजेकाजेस्तव दिलं असेल.”

आणखी एकदा तर कहर केला. दोन भावांच्या भांडणाचा सिनेमा होता, उत्तम होता. ही रांगेत म्हणाली, “एकच माणूस अर्धा तास बडबडत होता. भिंतीशी! वेड्याला घेऊन सिनेमा काढलाय.” मी म्हणालो, “अहो, दोघं होते! दोन भाऊ!” तर म्हणे, “एकच होता. माझे डोळे अजून फुटलेले नाहीत.” रांगेने तिचं खरं मानलं. मी मालक असून माझं मानलं नाही.

चांगल्याला मात्र ती चांगलं म्हणते, हे कबूल केलं पाहिजे. एका विधवेची बकरी शेजारी ढापतो आणि ती बाई त्याला कोर्टात खेचते, असला एक सिनेमा मी घाबरत घाबरत लावला होता. सकाळी निकाल आला, “शून्य. दोरा ओवला तो तसाच राहिला. त्या बाईचा एप्रन बघितलात का? मळका होता! खरा मळका!” पुढचे पंधरा दिवस खुर्च्या कमी पडल्या, लोक शेजारच्या हॉटेलातून खुर्च्या उचलून आणत होते. तेव्हा मी तिच्या दारात एक कलिंगड ठेवून आलो. तिने ते परत पाठवलं. लाच घेत नाही, म्हणाली. लुकियाने ते कापून कँटीनमध्ये विकलं.

आता माझ्या सिनेमाबद्दल.

काळापांढरा, जुना, आमच्याच भाषेतला. एक खलाशी घर सोडून बोटीवर जातो आणि आई त्याची वाट बघते. इतकंच. बारा वर्षांचा असताना मी तो ह्याच थिएटरात पाहिला, सिनेमा सुरू झाल्यावर थोरला भाऊ वांगेलिस आणि मी भिंतीवरून उडी मारून आत शिरलो होतो. शेवट अगदी तोंडावर आला आणि तेव्हाच्या मालकाने आम्हाला कानाला धरून बाहेर काढलं. मी रस्ताभर रडलो. कानासाठी नाही, खलाशी परत आला की नाही ते कळलं नाही म्हणून. वांगेलिस म्हणाला, “येतो रे, बावळट. बाहेर काढताना मी मान वळवून बघितलं ना. दार उघडतं आणि तो आत येतो.”

वांगेलिस पुढे मेलबर्नला गेला. पुढच्या उन्हाळ्यात येतो म्हणाला. असं म्हणून एकोणीस उन्हाळे झाले.

अकरा वर्षांपूर्वी त्या सिनेमाची नवी प्रत निघाली, तेव्हापासून दर वर्षी पहिल्या रात्री मी तोच लावतो. आणि दर वर्षी कीरा फ्रोसो त्याला मातीत घालते. पहिल्या वर्षी सहा काजं. दुसऱ्या वर्षी सहा. मी दात खाऊन सोसलं. गेल्या वर्षी जूनमध्ये मात्र भर रांगेत तिने सांगितलं, “सात. सात काजं केली आणि वर एक कॉलर टाचली.”

मी मागेच उभा होतो. “कीरा, अख्ख्या व्होलोसमध्ये ह्याच्यासारखा सिनेमा आला नाही.”

ती वळली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “तू दर वर्षी हा लावतोस, कारण तू तो बघितलेलाच नाहीस.”

रांग खो खो हसली. झिसिसच्या हातातून पाव पडला.

माझं डोकंच सटकलं. मी! ज्याने अकरा वर्षं तो लावला! पाव न घेताच तिथून तडक निघालो, लोखंडी खांब आणले, बोरूच्या ताट्या आणल्या, आणि दुपारपर्यंत डाव्या भिंतीवर एवढा उंच आडोसा उभारला की पाचव्या मजल्यालासुद्धा माझ्या पडद्याचा कोपरा दिसू नये. लुकिया कमरेवर हात ठेवून खाली उभी होती.

“अरे, ती म्हातारी झालीय म्हणून वाट्टेल ते बोलते. तू तर अजून म्हाताराही नाहीस. मग हा मूर्खपणा कुठल्या खात्यातला?”

“आता बघू दे फुकट!” मी वरून ओरडलो.

त्या रात्री बाल्कन्या एकेक करून ओस पडल्या. मला काय आनंद झाला, सांगू! दुसऱ्या दिवशी सकाळी झिसिसने नेहमीप्रमाणे विचारलं, “किती?” कीरा फ्रोसो म्हणाली, “कोणाला ठाऊक. मला कुठे दिसतंय?” रांग गोंधळली. चांगला म्हटलेल्या सिनेमाला लोक यायचेच, पण वाईट म्हटलेल्यालाही वीसपंचवीस यायचे, खरंच इतका वाईट आहे का ते बघायला. आता निकालच नाही म्हटल्यावर कोणाला काय करावं तेच कळेना. सगळे घरी बसले. तीन आठवडे मी आणि मांजरं.

दुसरं संकट त्याहून मोठं. मी चित्र झाकलं होतं, आवाज झाकायला विसरलो होतो. चित्राशिवाय आवाज म्हणजे नुसता कलकलाट. ज्या लोकांनी तीस वर्षं तक्रार केली नाही ते आता रात्री खिडक्या आपटायला लागले. दुसऱ्या मजल्यावर लारिसाहून आलेला एक दातांचा डॉक्टर राहतो, त्याने सरळ नगरपालिकेला अर्ज दिला. लारिसाचा माणूस! ज्या गावाला समुद्र नाही त्या गावच्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार? पण अर्ज चांगला लिहिला होता, हे खरं. नगरपालिकेचं पत्र आलं, इमारतीतल्या निम्म्याहून जास्त रहिवाशांची हरकत नसल्याच्या सह्या दहा दिवसांत आणा, नाहीतर परवाना रद्द.

त्याच संध्याकाळी मी ताट्या उतरवल्या. मग कागद घेऊन मजले चढलो. प्रत्येक दारात एकच उत्तर. “कीरा फ्रोसोने केली का सही? तिने केली की आम्ही करू.” एका दारात तर माझ्या तोंडावर हसून म्हणाले, “आर्गिरिस, ताट्यांचं काय केलंस रे? घरी अंथरून झोपायला नेल्यास का?”

नवव्या दिवशी गेलो तिच्याकडे. दुसरा उपायच नव्हता. पाकात मुरलेल्या रेवानीचा, म्हणजे रव्याच्या केकचा, डबा घेऊन दारात उभा राहिलो. तीस वर्षांत तिच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. तिने दार उघडलं, डबा बघितला, मला बघितलं.

“लाच?”

“पाहुणा.”

“मग ये.” पाहुण्याला जे देतात ते तिने दिलं, बशीत चमचाभर चेरीचा मुरांबा आणि थंडगार पाण्याचा पेला. मी खाईपर्यंत कागद वाचला. मग तो घडी करून एप्रनच्या खिशात टाकला.

“सही करते. पण आज रात्री तो तुझा खलाशी लाव. आणि तिकिटं फाडत खाली हिंडू नकोस. इथे माझ्या शेजारी बसून बघ. पहिल्यापासून.”

“मी पाहिलाय तो!”

“बघू ना.”

नऊ वाजता मी तिच्या बाल्कनीत थानासिसच्या खुर्चीत बसलो. तिच्या मांडीवर कोणाचा तरी काळा कोट, बोटात सुई. खाली सात-आठ माणसं. सिनेमा सुरू झाला आणि मी खुर्चीत ताठ झालो, कारण सुरुवातीला एक लग्न होतं. लग्न! मला माहीतच नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही मी पहिली दहा मिनिटं पाहिली नव्हती, तेव्हा मी तिकिटाच्या खिडकीवर असतो. आमच्याकडे नऊचा सिनेमा म्हणजे लोक सव्वानऊला येतात.

“हे लग्न कोणाचं?” मी हळूच विचारलं.

तिने सुई थांबवली नाही. “त्याच्याच आईचं. दुसरं. म्हणून तर तो घर सोडतो. पुढे सगळं त्याच्यावरच आहे.”

माझे कान तापले. मला वाटत होतं तो साहसासाठी जातो.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. आई स्वयंपाकघरात कोणाशी तरी बोलत होती आणि समोर कोणी नव्हतं. मी पुढे वाकलो. पडद्याच्या डाव्या अंगाला माझ्या भिंतीलगतची तुती. जुन्या मालकाने सावलीसाठी लावलेलं हातभर रोप, आता दोन मजले उंच झालेलं. खालून ते पडद्याच्या आड कुठेच येत नाही. इथून मात्र पडद्याचा डावा तिसरा हिस्सा पानांत गडप झाला होता.

मी उडालोच. “कीरा! तुम्हाला तर अर्धा पडदा दिसतच नाही!”

“अर्धा नाही. थोडा.”

“दोन भावांचा सिनेमा! तुम्ही म्हणालात एकच माणूस भिंतीशी बोलतोय! दुसरा भाऊ ह्या झाडामागे होता!”

“मग त्याने पुढे यायचं होतं,” ती म्हणाली. “लोकांसमोर यायचं तर झाडामागे कशाला उभं राहायचं?”

“आणि हे तुम्ही इतकी वर्षं लोकांना सांगितलं नाहीत?”

“तू सांगितलंस का, की तू सुरुवात बघत नाहीस म्हणून?”

मी खुर्चीत परत टेकलो. अख्खी गल्ली तीस वर्षं आम्हा दोघांचं ऐकत होती आणि दोघांनी मिळून एकही सिनेमा पुरा पाहिलेला नव्हता.

मग काय, वाटून घेतला. डावीकडे कोण उभं आहे ते मी सांगत होतो, मधला भाग मला पाठ होता. तो का रागावलाय, कोणावर रागावलाय, ते ती सांगत होती. मध्यंतरात तिने कलिंगड कापलं. आणि होता होता शेवट आला, जिथे वांगेलिसचा आणि माझा कान धरला होता तो. उजवीकडे टेबल, टेबलावर एक ताट, रिकामी खुर्ची. आई डावीकडे बघते. बघत राहते. मग उठते आणि चालत चालत तुतीच्या पानांत शिरते. पडद्यावर नुसतं टेबल राहतं. काहीतरी वाजतं, दार असेल, नसेल. संपला.

कीरा फ्रोसोने सुई खाली ठेवली होती. कोटावर दोनच काजं होती.

“बोल,” ती म्हणाली. “येतो का तो?”

“म्हणजे?”

“दार डावीकडे आहे. मला दिसत नाही. अकरा वर्षं मी रांगेत ह्या सिनेमाला शिव्या घालतेय, कोणीतरी चिडून म्हणेल म्हणून, की कीरा, असं कसं म्हणता, शेवटी तो येतो! कोणी म्हणालंच नाही.”

“कसं म्हणणार? तुम्ही वाईट म्हटल्यावर बघायला आलं कोण?”

“ते नंतर कळलं,” ती चिडून म्हणाली. “तू बोल. तू मालक आहेस. येतो का?”

“येतो,” मी छाती काढून म्हणालो. “दार उघडतं आणि तो आत येतो.”

“तू बघितलंस?”

मी तोंड उघडलं. अकरा वर्षं, दर वर्षी, बरोबर ह्याच वेळेला लुकिया कँटीनमधून हाक मारते, ‘आर्गिरिस, बर्फ संपला!’ आणि मी मागच्या खोलीतून बर्फ आणायला जातो. परत येतो तेव्हा दिवे लागलेले असतात.

“वांगेलिसने सांगितलंय,” मी म्हणालो.

वांगेलिसला ती लहानपणापासून ओळखते. त्याच्या पहिल्या कोटाची काजं तिनेच केली होती, तोच कोट घालून तो मेलबर्नला गेला. तिने खांद्यावर शाल घेतली. “चल. अकराचा खेळ आहे ना? उशिराच्या खेळाला आवाज कमी असला तरी दार काही आवाजाने उघडत नाही.”

अशी कीरा फ्रोसो तीस वर्षांत पहिल्यांदा ‘कलिप्सो’च्या फाटकातून आत आली. सपाता घालून. तिकिटाचे पैसे देते म्हणाली, मी नको म्हटलं, तर तिने ते लुकियाच्या काउंटरवर आपटले. मधल्या रांगेत मधोमध बसली. पडदा पूर्ण दिसल्यावर सुरुवातीची दहा मिनिटं तिचं तोंड चालूच होतं. “अगंबाई, ही बहीण पण आहे का ह्याला?... हे कुत्रं कुठून आलं?... आणि हा माणूस! हा होय सावत्र बाप! चांगला आहे की दिसायला!” पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून ‘शूऽ’ केलं. “तू शू कर, घरी जाऊन,” ती म्हणाली.

शेवट आला. टेबल, ताट, खुर्ची.

“आर्गिरिस!” मागून लुकियाची हाक. “बर्फ संपला!”

मी सवयीने उठलो. कीरा फ्रोसोने माझी बाही घट्ट धरली. काजं करणाऱ्या बाईची बोटं काय असतात ते तेव्हा कळलं.

“बस खाली.”

बसलो. आई डावीकडे बघते. दार बंद. ती उठते, चालत दारापर्यंत जाते, दाराला कान लावते. मग कडी लावते. तेच वाजतं ते. दिवा विझवते आणि संपतं.

दार उघडत नाही. कोणी येत नाही. माझ्या बारा वर्षांच्या वयापासून जो माणूस दर वर्षी घरी येत होता तो कधी आलाच नव्हता. वांगेलिसने मान वळवून काही बघितलं नव्हतं, मी रडत होतो म्हणून सांगितलं होतं. मला हुंदका फुटला. नाक वाहायला लागलं. कीरा फ्रोसोने शालीतून रुमाल काढून दिला आणि पडद्याकडेच बघत राहिली.

लोक उठून फाटकाशी ताटकळत उभे होते, फाटक उघडायला मी नव्हतो. मी उठलो आणि आधी कँटीनमध्ये गेलो. बर्फाच्या पेटीचं झाकण उचललं. पेटी काठोकाठ भरली होती. लुकिया पाठ करून पेले विसळत होती.

“अकरा वर्षं?” मी म्हणालो.

“काय अकरा वर्षं?” ती वळली नाही. “जा, फाटक उघड. लोक खोळंबलेत.”

कीरा फ्रोसोने तिथेच काउंटरवर कागदाची घडी उघडली आणि सही केली. मोठी, वेडीवाकडी, शाळेत तीनच वर्षं गेलेल्या बाईची. सिनेमाबद्दल अवाक्षर काढलं नाही. “उद्या,” म्हणाली आणि सपाता फटफटवत घरी गेली.

सकाळी सात वाजता रांगेत मी तिच्या मागे उभा होतो. डोळे सुजलेले. खरं सांगतो, परवान्याचं माझ्या डोक्यातही नव्हतं.

“किती, कीरा फ्रोसो?” झिसिसने विचारलं.

“एकही नाही.”

झिसिसने हातातला पाव परत फळीवर ठेवला. “त्या खलाशाच्या सिनेमाला? गेल्या महिन्यात सात होती ना?”

“गेल्या महिन्यात मला थोडा कमी दिसला होता.” मग रांगेकडे वळून, “ती बाई रडत नाही, कळलं? एकदाही रडत नाही. तरी बघणाऱ्याचं नाक वाहतं. आमच्या शेजारच्या खुर्चीत वाहिलं.”

“मग येतो का तो, शेवटी?” कोणीतरी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मी पावांकडे बघत होतो.

“नऊ वाजता आहे,” ती म्हणाली. “तिकीट काढून बघ की, कंजूष! सगळं मेलं पावाबरोबर फुकट पाहिजे.”

दुपारपर्यंत पाचही मजल्यांवरून सह्या झाल्या. लारिसावाल्याने केली नाही, पण तो शनिवारी बायकोला घेऊन आला आणि शेवटी त्याचंही नाक वाहिलं, लुकियाने पाहिलंय.

मी करवत घेऊन माणूस बोलावला होता, तुती छाटायला, म्हातारीला निदान पडदा तरी पुरा दिसेल म्हणून. ती बाल्कनीतून अशी ओरडली की तो शिडीवरून पडता पडता राहिला. “एका फांदीला हात लावलात तर उद्याच नगरपालिकेत जाईन! झाडामागे मी तीस वर्षं मनातल्या मनात काय काय लावलंय तुला काय माहीत? तुझ्या पडद्यावरच्यापेक्षा चांगलं आहे ते!” करवतवाला हात हलवत गेला.

ह्या वर्षी जूनमध्येही पहिल्या रात्री मी खलाशीच लावला. वांगेलिसचा फोन आला होता, पुढच्या उन्हाळ्यात येतो म्हणाला. सिनेमाची शेवटची दहा मिनिटं उरली तसा मी खिडकी बंद केली, जिने चढून तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि थानासिसच्या खुर्चीत बसलो. कीरा फ्रोसोने कलिंगडाची फोड पुढे केली. आई उठली, तुतीच्या पानांत गेली, काहीतरी वाजलं.

“आला,” कीरा फ्रोसो म्हणाली.

“आला,” मी म्हणालो.

लुकिया आता बर्फासाठी हाक मारत नाही.